शंभर एस्कुदोंवर एक घाव

फ्रुतोस कान्तालेहोला ओळखत नाही असा माणूस सेगोवियात शोधून सापडला नसता, आणि त्याचं कारण त्याचा घण नव्हता, त्याचं तोंड होतं. घण तो चांगलाच चालवायचा, पण त्याबद्दल बोलायचा त्याहून चांगला. एकोणतीस वर्षं त्याने वरच्या टांकसाळीत नाणी पाडली. एक राजा मेला, त्याचा मुलगा गादीवर आला, आणि दोघांचेही मुकुट फ्रुतोसच्या घावाखालून गेले. "राजे माझ्या घणाखालून जातात," असं तो गुत्त्यात सांगायचा. मग आजूबाजूला कोणी सरकारी माणूस नाही ना, हे बघून पुन्हा एकदा सांगायचा.

हाताने नाणं पाडणं हे दोघांचं काम. एक ठसा धरणारा, एक घण मारणारा. खालचा ठसा ओंडक्यात रोवलेला असतो. त्यावर चांदीची चकती ठेवायची, चकतीवर वरचा ठसा मुठीत उभा धरायचा, आणि दुसऱ्याने घण घालायचा. एक घाव, फार तर दोन. घण चुकला तर नाणं बिघडतं हे खरं, पण त्याआधी धरणाऱ्याची बोटं जातात. म्हणून वरच्या टांकसाळीत एक रीत होती. कोणी घालून दिली ते कोणालाच ठाऊक नव्हतं. प्रत्येक घावाआधी धरणाऱ्याने मारणाऱ्याला एक शिवी द्यायची. बोटं त्याची, तेव्हा शिवी द्यायचा हक्कही त्याचा. शिवी संपता संपता घण खाली यायचा. परका माणूस दारात उभा राहिला तर त्याला वाटायचं, आत मारामारी जुंपली आहे.

फ्रुतोससाठी ठसा धरायचा मेल्चोर, म्हणजे त्याचा मेव्हणा, बायकोचा थोरला भाऊ. बुटका, गोल माणूस. रविवारी मिस्सेला तो असा गरीब चेहरा करून बसायचा की पाद्रीबाबा इतरांना त्याचं उदाहरण द्यायचे. पण ठसा मुठीत आला की मेल्चोरला कंठ फुटायचा.

"मार रे, चिखलातल्या बैला." ठण्.

"मार, उपाशी करकोच्या." ठण्.

"मार, तुझ्या बापाने तुला मेंढीच्या बदल्यात घेतलंय, मेंढी गेली ती गेलीच." ठण्.

दुपारच्या जेवणापर्यंत एकही शिवी दोनदा वापरायची नाही, हा मेल्चोरचा नेम होता. जेवणानंतर तो जरा सैल पडायचा. एकोणतीस वर्षांनीही त्याची दहाच्या दहा बोटं शाबूत होती. फ्रुतोसला त्याचा केवढा तरी अभिमान होता, आणि तो मात्र त्याने कधी बोलून दाखवला नाही.

खाली नदीकाठी दुसरी टांकसाळ होती. फ्रुतोस तरुण असताना जर्मन कारागीर येऊन ती उभी करून गेले, म्हणजे गेले नाहीतच, इथेच राहिले, बायकापोरांसकट. तिथे एरेस्मा नदीच्या पाण्यावर मोठाली चाकं फिरायची. चाकांवर लोखंडी लाटा, म्हणजे लाटण्यासारखे जाड रूळ, आणि लाटांवर ठसे कोरलेले. सोन्याचांदीची पट्टी दोन लाटांमध्ये सरकवली की पलीकडून नाण्यांची नक्षी घेऊनच बाहेर यायची. मग गोल गोल कापायची. ना घण, ना घाम, ना शिवी.

"शेवया पाडायचं यंत्र," असं फ्रुतोसचं मत होतं. "दळून काढलेलं नाणं कधी नाणं असतं का? माझ्या नावाच्या संताने काठीच्या एका फटक्यात डोंगर चिरला. पाणचक्की लावून नाही चिरला." आणि एकदा, तिसऱ्या पेल्यानंतर, त्याने भर गुत्त्यात शपथ घेतली की खालच्या टांकसाळीच्या दारातून तो आत गेला तर त्याची दाढी काढावी आणि तिने उशी भरावी.

पण चांदी शपथा ऐकत नाही. ती हळूहळू खालीच वळायला लागली. वरच्या टांकसाळीतलं काम आठवड्यातून दोन दिवसांवर आलं. त्यातच एका हिवाळ्यात मेल्चोर तापाने गेला. त्याच्या जागी वायादोलिदचा एक सभ्य गृहस्थ ठसा धरायला आला. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "मारा, फ्रुतोसकाका." फ्रुतोसने घण खाली ठेवून त्याच्याकडे पाहिलं. अशाने कुठे घाव बसतो?

त्याच हिवाळ्यात फ्रुतोसचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी त्याला वाटलं थंडी आहे. मग थंडी गेली. हात थरथरतच राहिला. मुठीत काही नसताना फारसं कळायचं नाही, पण काही धरलं की बोटांच्या आत जणू कोणी दार ठोठावतंय. कोणाला कळायच्या आत त्याने काम सोडलं, तेही ऐटीत. आताच्या चांदीत दम राहिला नाही, असं सांगून. त्याला सगळं चालणार होतं, गरिबी चालणार होती, पण 'फ्रुतोसचा हात गेला' हे तीन शब्द त्याला कुणाच्याही तोंडून ऐकायचे नव्हते.

तेव्हापासून तो गुत्त्यात पेला टेबलावरच ठेवायचा आणि तोंड खाली नेऊन प्यायचा. कुणी विचारलंच तर सांगायचा की दारूचा आधी वास घ्यावा लागतो, जाणकार लोक असेच पितात. महिन्याभरात दोन लोकरवाले आणि एक नालबंद तसेच प्यायला लागले. घरी तो हात कमरेच्या पट्ट्यात खोचून बसायचा. किटेरियाला, म्हणजे बायकोला, यातलं काही माहीत नाही अशी त्याची पक्की खात्री होती. तिला दुसऱ्या गोष्टींतून सवड कुठे होती? भाऊ गेल्यापासून तिची जीभ भलतीच सुटली होती. सकाळी तो न्याहारीला बसला, पाव छातीशी धरून सुरी लावली, की हिचं सुरू. छप्पर गळतंय. तुझ्या आईने लग्नात दिलेली चादर कसरीने खाल्लेली होती. शेजारच्याच्या डुकराला तू हाकललं नाहीस. पाव कापून होईपर्यंत दोघं तावातावाने भांडायची, आणि मग ती गप्प व्हायची. पावाने हिचं काय वाकडं केलंय, हे काही फ्रुतोसला कळायचं नाही.

सोळाशे नऊच्या वसंतात खालच्या टांकसाळीचा उस्ताद योर्ग धापा टाकत चढ चढून त्याच्या दारात आला. लाल मानेचा, भारी अंगाचा माणूस. पंचवीस वर्षं इथे राहून त्याला आमचे वाटाणे पचायला लागले होते, पण आमचा चढ नाही.

"फ्रुतोसकाका," तो बसायच्या आधीच म्हणाला, "राजाला मोठं नाणं हवंय. शंभर एस्कुदोंचं, म्हणजे सोन्याच्या शंभर नाण्यांचं मोल एकाच चकतीत. परदेशच्या राजाचा कोणी वकील येतोय, त्याला भेट द्यायला."

"मग पाडा की. यंत्र आहे ना तुमच्याकडे."

"पाडलंय. वाकलंय."

फ्रुतोसने बाक पुढे सरकवला.

योर्ग बसला आणि सांगायला लागला. लाटांतून निघालेलं नाणं थोडं वाकतंच. लहान नाणी दाबाखाली घातली की सरळ होतात. पण हे तळहाताएवढं, जाड, आणि पसरट बशीसारखं बसलंय. टेबलावर ठेवलं की डुलतं. तांब्याचा एक नमुना दाबाखाली घालून पाहिला. सरळ झाला, पण नाण्यावर राजाची जी ढाल असते, तिच्यावरच्या सिंहांची नाकं बसली.

"मांजरं दिसायला लागली, काका. राजाच्या ढालीवर मांजरं. मी माघारी माझ्या मुलखात, टिरोलला पळून जायचं म्हटलं तरी मला तेवढा वेळ देणार नाहीत."

"मग?"

"लाकडी मोगरीचा एक घाव पाहिजे. मधोमध, सपाट, मनगटातून. पुन्हा वितळवून पाडायचं तर नऊ दिवस जातील आणि दरबारी माणूस गुरुवारी दुपारी न्यायला येतोय. आमच्याकडे चाकं फिरवणारे आहेत, कोरणारे आहेत, कापणारे आहेत. घाव घालणारा माणूस नाही."

हे वाक्य ऐकायला फ्रुतोस पंचवीस वर्षं थांबला होता.

"पुन्हा म्हणा," तो म्हणाला.

"कुठलं?"

"शेवटचं."

योर्गने नाक फेंदारलं. पण म्हणाला. "आमच्याकडे घाव घालणारा माणूस नाही."

"किटेरिया," फ्रुतोसने आत हाक मारली, "ऐकलंस का?"

"सगळ्या गल्लीने ऐकलं," आतून उत्तर आलं.

तो आनंद योर्गची पाठ वळेपर्यंत टिकला. नाही म्हणावं तर तीस वर्षांची बढाई वाऱ्यावर. हो म्हणावं तर हात. आणि तो तर हो म्हणून बसला होता. दोन दिवस तो डुकराच्या खोपटामागे जाऊन जुन्या कथलाच्या ताटल्या मोगरीने ठोकत होता. पाचातल्या तीन घावांनी ताटली कडेला मार खायची. एक घाव तर ताटलीला लागलाच नाही. डुक्कर आधी घाबरलं, मग त्याला सवय झाली. फ्रुतोसला झाली नाही.

गुरुवारी सकाळी किटेरिया म्हणाली, "तुझं जेवण घेऊन येते तिथे."

"तिथे बायका येत नाहीत."

"तिथे तूही जाणार नव्हतास," ती म्हणाली.

खालच्या टांकसाळीच्या दारातून तो आत गेला नाही, हे इथे सांगितलंच पाहिजे, कारण पुढे त्याच्या दाढीवरून बराच वाद झाला. तो नदीकडच्या फाटकातून गेला.

आत चाकं थांबवलेली होती, जमीन हादरू नये म्हणून. इतकी शांतता त्या जागेत कोणी कधी ऐकली नव्हती. दहा-बारा जर्मन भिंतीला टेकून उभे. मधोमध ओकचा ओंडका, त्यावर हरणाचं कातडं, त्यावर ते नाणं. फ्रुतोसने आयुष्यात चांदी पुष्कळ पाहिली होती, सोनंही थोडं पाहिलं होतं, पण इतकं सोनं एका जागी स्वस्थ बसलेलं पाहिलं नव्हतं. मोठी ढाल, ढालीत किल्ले, सिंह, आणि एका बाजूला आपल्या गावाची खूण, गावात पाणी आणणाऱ्या आपल्याच पुलाच्या कमानी, नखाएवढ्या. त्या पाहून त्याला उगाचच घरचं कोणी भेटल्यासारखं वाटलं. दरबारी गृहस्थ काळ्या पोशाखात, ताटाएवढ्या पांढऱ्या कॉलरवर डोकं ठेवून उभे होते. योर्गने नाण्यावर दुसरं पातळ कातडं घातलं आणि बाजूला झाला.

फ्रुतोसने अंगठ्याने चाचपून मध्य पाहिला. मोगरी उचलली. मोगरीचं टोक डुलायला लागलं.

त्याने ती खाली घेतली, तळहातांवर थुंकला, उजवा पाय थोडा मागे नेला, जणू हे सगळं ठरलेलंच आहे. पुन्हा उचलली. टोक पुन्हा डुललं, या वेळी जास्त. दरबारी खोकले. योर्गची मान लालाची जांभळी झाली. फ्रुतोसला दिसत होतं की आता हे जगातल्या सगळ्यांना दिसतंय, आणि संध्याकाळपर्यंत गुत्त्यात ते तीन शब्द पोचलेले असणार.

"अरे ए, चिखलातल्या बैला."

सगळ्यांनी वळून पाहिलं. फाटकात किटेरिया उभी होती, कमरेवर वाटाण्यांचं मडकं.

"तीस वर्षं गावाला गोष्टी सांगतोस," ती म्हणाली, "आणि आता बघ कसा उभा आहेस. जत्रेत चुकलेल्या म्हाताऱ्यासारखा."

"किटेरिया, घरी जा."

"घरी काय ठेवलंय? छप्पर? तीन हिवाळे गळतंय ते. घरचा एक खिळा ठोकायला याला हात नाही, आणि राजाचं सोनं ठोकायला निघाला."

"लोक बघतायत," फ्रुतोस दातांतून म्हणाला. मोगरी त्याच्या डोक्याच्या वर होती आणि तो तिला विसरला होता.

"बघू दे. दरबारातल्या माणसालाही कळू दे. माझ्या भावाने शिव्या घालून घालून याला माणसांत आणलं, नाहीतर हा अजून मेंढ्यांत चरत असता. मेंढीच्या बदल्यात घेतलेला..."

"तुझ्या भावाचं..."

"मार की मग, उपाशी करकोच्या."

मोगरी खाली आली. फ्रुतोसने ती आणली असं म्हणवत नाही, कारण त्या क्षणी तो बायकोकडे बघत होता. एकच आवाज झाला, जाड आणि आखूड.

योर्गने कातडं उचललं. दरबारी गृहस्थांनी स्वतः नाणं उचलून संगमरवराच्या फरशीवर ठेवलं आणि एका बोटाने कड दाबली. मग दुसरी कड दाबली. नाणं हललं नाही. त्यांनी वाकून सिंहांची नाकं पाहिली. नाकं होती.

जाताना ते फ्रुतोसच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "घरी असा जाच असूनही हात इतका स्थिर. देव तुमच्या सहनशीलतेचं फळ देवो."

हेच वाक्य गावभर झालं. कुणी म्हणालं नाही की फ्रुतोसचा हात थरथरत होता. सगळे म्हणाले, बायको तोंडाला येईल ते बोलत होती आणि हा गडी ढळला नाही. गुत्त्यात त्याला फुकट पेले मिळायला लागले. लोक उसासे टाकून त्याच्या पाठीवर थोपटायचे. पाद्रीबाबांनी रविवारी बायकांच्या जिभेवर प्रवचन दिलं आणि कुणाकडेही न बघायची इतकी काळजी घेतली की सगळ्यांनी किटेरियाकडे बघितलं. धुण्याच्या जागी बायका तिच्यापासून दोन दगड लांब सरकल्या. राजाच्या सोन्यापुढे भुंकलेली, असं तिचं नाव पडलं.

आणि फ्रुतोस? त्याला हे सगळं आवडलं. त्याने ते नाकारलं नाही, उलट 'बिचारा' म्हटलं की मान थोडी खाली घालायला शिकला. हे त्याने चांगलं केलं नाही. घरी तो किटेरियाशी आठ दिवस बोलला नाही; ती मात्र न्याहारीला रोज काहीतरी काढायचीच. राजाच्या माणसासमोर आपल्याला बैल म्हटलं, हे त्याला सहन होत नव्हतं. मेल्चोरने म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

नवव्या सकाळी तो न्याहारीला बसला, पाव छातीशी धरला आणि सुरी लावली. किटेरिया चुलीपाशी पाठ करून बसली होती. छपराचा विषय निघाला नाही. चादरीचा नाही. घर अगदी शांत होतं. सुरी कवचातून आत गेली, वळली, आणि पावाची कड सोडून सदऱ्यातून थेट त्याच्या छातीला लागली.

जखम मोठी नव्हती, पण रक्त पुष्कळ आलं. किटेरियाने धावत येऊन फडकं दाबलं, वाइन ओतली, पट्टी बांधली.

"आज बोलले नाही मी," ती म्हणाली. "दमले होते. माझीच चूक."

"त्याचा काय संबंध?"

तिने पट्टीची गाठ मारली आणि मगच वर पाहिलं. "भांडताना तुझा हात थरथरत नाही. मेल्चोर गेला त्या हिवाळ्यापासून बघतेय. सुरी रोज तुझ्या छातीशी येते. म्हणून रोज काहीतरी काढते. छप्पर म्हण, तुझी आई म्हण. आता माझ्याकडचे विषयही संपत आलेत."

फ्रुतोसने पट्टीकडे पाहिलं, मग अर्धवट कापलेल्या पावाकडे.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"मी तुझ्याशेजारी झोपते, फ्रुतोस. दरबारात नाही झोपत."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू कुणाला कळू देत नव्हतास. मग मी तरी कशाला कळू देऊ, मला कळलंय ते?"

त्याला लाज वाटली. साधी, लहान मुलाला वाटते तशी. आठ दिवस फुकट प्यायलेली वाइन त्याच्या घशाशी आली. चौतीस वर्षांच्या संसारात या बाईने आपलं नाव मोडून त्याचं नाव सांधलं होतं, आणि तो मान खाली घालून लोकांची कीव गोळा करत हिंडत होता.

त्या रविवारी मिस्सा सुटल्यावर नेहमीप्रमाणे सगळा गाव चर्चच्या ओसरीवर खांबांखाली जमला. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, दोन्हीकडचे कान मधोमध. योर्गही होता. त्याचं फ्रुतोसकडे कामच होतं, कारण राजाला शरद ऋतूत आणखी एक तसंच नाणं हवं होतं, आणि मोगरीवाला माणूस आताच बांधून ठेवावा असा त्याचा विचार होता. फ्रुतोसने समोरच्या गुत्त्यातून एक पेला मागवला.

"काठोकाठ भर," तो म्हणाला.

मग त्याने पेला उजव्या हातात घेतला, ओसरीच्या मधोमध गेला, आणि हात सरळ पुढे धरला. क्षणभर काही झालं नाही. मग वाइन हलायला लागली. काठावरून बाहीवर, बाहीवरून फरशीवर, आणि पाद्रीबाबा जवळच उभे होते म्हणून त्यांच्या जोड्यावर. फ्रुतोसने हात मागे घेतला नाही. अर्धा पेला सांडेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

"हा माझा हात," तो म्हणाला. "दोन वर्षं असा आहे. त्या गुरुवारी मोगरी मी धरली होती, पण घाव हिचा होता. मी रागावलो की हाताची थरथर थांबते. हिला ते ठाऊक होतं, म्हणून ती आली आणि बोलली. जे बोलली ते माझ्यासाठी बोलली. आणि तुम्ही तिला जे म्हणता ते मी गप्प बसून ऐकलं. फ्रुतोसचा हात गेलाय. म्हणा आता काय म्हणायचं ते."

नालबंद तेवढा पुटपुटला, "म्हणजे वासाबिसाचं काही नव्हतंच. दोन वर्षं माझी मान धरलीय," आणि दोघे लोकरवाले त्याच्याकडे बघून गडगडून हसले. मग बाकीचेही. किटेरियाने शालीचं टोक तोंडावर घेतलं. हसत होती की रडत होती, ते शालीलाच ठाऊक.

फ्रुतोस योर्गकडे वळला. "उस्ताद, दुसरा माणूस बघा."

योर्गने जर्मन माणसासारखा विचार केला, म्हणजे हळू आणि शेवटपर्यंत. "दुसरा माणूस तर लागेलच," तो म्हणाला. "पण तो बघायला कशाला पाहिजे? हे काम आधीही दोघांचंच होतं ना?"

ऑक्टोबरात दुसरं नाणं लाटांतून निघालं, पहिल्यासारखंच बशीसारखं. किटेरियाला त्या दिवसाची मजुरी ठरली होती. टांकसाळीच्या हिशेबात शिव्या देण्याची मजुरी कोणत्या सदरात लिहावी यावर कारकुनाचा अर्धा दिवस गेला. धुण्याच्या जागच्या बायका फाटकात दाटीवाटीने उभ्या होत्या. त्यांनी किटेरियाला पुढे जायला वाट करून दिली, एकीने तर तिची शाल सारखी केली. किटेरिया सणाचे कपडे घालून आली होती. ओंडक्याशेजारी ती ताठ उभी राहिली. चाकं थांबली. सगळे आदराने गप्प झाले.

फ्रुतोसने मोगरी उचलली. टोक डुललं.

किटेरियाने तोंड उघडलं. काही आलं नाही. तिने सगळ्यांकडे पाहिलं, घसा साफ केला. "मार," ती म्हणाली. "मार, बैला." असं म्हणाली की बैलाला वाटावं आपल्याला जेवायला बोलावतायत.

मोगरी जास्तच थरथरली. योर्गने डोळे मिटून घेतले.

"हे काय?" फ्रुतोस मोगरी वर धरूनच म्हणाला. "चौतीस वर्षं मला एक घास सुखाने गिळू दिला नाहीस, आणि आज राजा पैसे देतोय तर तोंडात गुळणी धरलीस?"

"फ्रुतोस, इतके लोक..."

"तुझा भाऊ बरा. त्याला निदान काम येत होतं. तुला एक शिवी धड देता येत नाही."

किटेरियाचे डोळे बारीक झाले. तिने शाल खांद्यावरून काढून योर्गच्या हातात दिली.

"मला देता येत नाही? कण्हत्या खेचरा, मला? तुझ्या आईने चादर म्हणून जे चिंधूक दिलं..."

घाव बसला. मधोमध, सपाट, मनगटातून. योर्गने एका हातात शाल धरून दुसऱ्या हाताने कातडं उचललं आणि नुसती मान हलवली. किटेरिया मात्र थांबली नाही. तिचं अजून चादरीचं पुरं व्हायचं होतं, मग छपराचं, आणि डुकराचं तर सुरूच झालं नव्हतं. फ्रुतोसने मोगरी जमिनीला टेकवली आणि शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला.